फोटो पाखरांचे काढा, माणसांचेही काढा!



हिवाळा लागला की रविवारी भल्या पहाटे पुण्याच्या बाजूने गाड्या येतात आणि दौंड तालुका ओलांडून भिगवणकडे जातात. गाडीत हातभर लांबीच्या लेन्सा असतात, तिपाया असतात, थर्मासमध्ये चहा असतो. ही सारी हौशी छायाचित्रकार मंडळी. उजनीच्या पाण्यावर उतरलेल्या पाखरांचे फोटो काढायला ती येतात आणि दुपारी ऊन चढले की परत जातात. अलीकडे आपल्या वस्त्यांमधली मुले-मुलीही मोबाईल घेऊन तिकडे जाऊ लागली आहेत. कुणी हप्त्याने साधा कॅमेराही घेतला आहे. ही चांगली गोष्ट आहे. वाचन, गाणे, खेळ यांच्यासारखीच फोटोग्राफी हीसुद्धा माणसाला नीट पाहायला शिकवणारी हौस आहे. म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे. पण पाखरांपासून सुरुवात करून आपल्याला थोडे पुढे, आपल्या घरापर्यंत यायचे आहे.

पाण्यावरची पाखरे

भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. ११७ टीएमसी पाणी साठवणाऱ्या या धरणाचा फुगवटा मागे भिगवण, डिकसळ, कुंभारगावपर्यंत पसरला. हिवाळ्यापासून पाणी हळूहळू ओसरू लागते, काठावर उथळ चिखल उघडा पडतो आणि तिथे पाखरांना अन्न मिळते. रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगो येतात. शेवाळ आणि बारीक जलचर खाऊन त्यांच्या पंखांना गुलाबी रंग चढतो. हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. चक्रवाक, शेकाटे, चित्रबलाक तर असतातच. कुंभारगाव-डिकसळचे मच्छीमार बांधव होडीतून पाखरे दाखवायला नेतात. त्यांना पाण्याची आणि पाखरांची ओळख पुस्तकवाल्यांपेक्षा जास्त असते. त्यांचे ऐकावे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दोन-चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सूर्योदयानंतरचा तास-दीड तास उजेड मऊ असतो. त्या वेळी सूर्य आपल्या पाठीशी राहील असे बसावे. होडीत उभे न राहता खाली बसून, पाण्याच्या जवळून फोटो घेतला तर पाखरू डोळ्यासमोर आल्यासारखे दिसते. उडत्या पाखरासाठी कॅमेऱ्याचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका तरी ठेवावा, नाहीतर पंख पुसट येतात. ज्यांच्याकडे फक्त मोबाईल आहे त्यांनी दोन बोटांनी चित्र ताणून पाखरू जवळ आणायचा प्रयत्न करू नये. एका मर्यादेपलीकडे ते चित्र नुसते कापून मोठे केलेले असते आणि त्यात पाखराऐवजी ठिपके दिसतात. त्यापेक्षा पाणी, आकाश, होडी आणि दूरवर रोहितांची गुलाबी रेघ असा मोकळा फोटो घ्यावा. तो मोबाईलवरही सुंदर येतो.

आणि एक गोष्ट मुळीच करू नये. उडतानाचा फोटो मिळावा म्हणून होडी थव्यात घालायला नावाड्याला सांगू नये. पाखरू चरायला आलेले असते. त्याला पुन्हा पुन्हा उडवले तर त्याची ताकद फुकट जाते. आपली हौस भागावी म्हणून दुसऱ्याच्या तोंडचा घास काढू नये, मग तो दुसरा पक्षी का असेना!

पाण्याकडे जायचे नसेल तर माळ आहेच. शेजारच्या बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम पाच चौरस किलोमीटरच्या या माळरानावर चिंकारा हरणे राहतात. त्यांचा रंग वाळल्या गवतासारखाच असतो. सकाळचे तिरपे ऊन पडले तरच हरीण गवतातून वेगळे दिसते. शिरूर तालुक्यात मोराची चिंचोली आहे. तिथे माणसे आणि मोर एकाच आवारात वावरतात. या सगळ्या गोष्टी दौंडहून एका दिवसात जाऊन येण्यासारख्या आहेत.

पाण्याखालची गावे

आता उजनीच्या त्याच पाण्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू. ज्या पाण्यावर पाखरे उतरतात त्या पाण्याखाली गावे आहेत. धरण भरले तेव्हा इंदापूर, करमाळा, कर्जत या तालुक्यांतली भीमाकाठची माणसे घरदार सोडून वर आली. दुष्काळाच्या साली पाणी फार खाली गेले की जुन्या पळसदेवचे दगडी मंदिर पाण्यातून वर येते. मग लोक होड्या करून जातात, शेकडो फोटो निघतात, वर्तमानपत्रात छापून येतात.

मंदिर वर येते, कारण ते दगडाचे आहे. घडीव दगडाची भिंत पाण्याखाली चाळीस-चाळीस वर्षे राहिली तरी उभी राहते. पण पांढऱ्या मातीची घरे? कुडाच्या भिंती, गवताचे छप्पर, शेणाने सारवलेले अंगण? ते पहिल्याच पावसाळ्यात विरघळून गेले. गावाच्या कडेची आपली वस्ती बहुतेक अशाच घरांची असे. पाणी कितीही ओसरले तरी ती वर येणार नाही. तिचा उंबरा कुठे होता, लिंबाचे झाड कुठे होते, बायका पाणी कुठून भरत, हे सांगणारी पिढी आता थकली आहे, आणि त्या वस्तीचा फोटो शोधू गेलात तर क्वचितच सापडेल.

धरणाचे काम चालू होते तेव्हा कॅमेरा होता का? होता. बडोद्याला तयार होणारा अ‍ॅग्फा क्लिक-थ्री हा डबा कॅमेरा त्या काळी बऱ्याच मध्यमवर्गीय घरांत होता. एका रोलवर बारा फोटो निघत. पण रोल, धुलाई आणि छपाई हा खर्च रोजंदारीवर जगणाऱ्या घराला कुठून परवडणार? ज्याच्याकडे कॅमेरा होता त्याला आपल्या वस्तीचा फोटो काढावासा वाटला नाही, आणि ज्यांना वाटला असता त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता. दगड मागे राहिला, माती गेली.

या लेखात सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे. दगडाच्या वास्तूंचे फोटो काढणारे पुष्कळ आहेत. त्या वास्तू फोटोवाचूनही टिकतील. जे मातीचे आहे, जे उद्या राहणार नाही, त्याचा फोटो आपण काढला पाहिजे. आज कॅमेरा आपल्या खिशात आहे. आता सबब चालणार नाही.

कुत्र्याचेही नाव माहीत आहे

आपल्या कोणत्याही घराची भिंत पाहा. तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर असते. शेजारी लग्नातला फोटो, मुलाचा पदवीचा फोटो. आजोबांचा असेल तर स्टुडिओत खुर्चीवर ताठ बसलेला, मागे रंगवलेला पडदा. आजीचा? अनेक घरांत आजीचा एकुलता एक फोटो म्हणजे निवडणूक ओळखपत्रावरचा. १९९३ साली निवडणूक आयोगाने फोटोची ओळखपत्रे सुरू केली तेव्हा कित्येक म्हाताऱ्या माणसांनी आयुष्यात पहिल्यांदाच कॅमेऱ्याकडे पाहिले. पुढे त्या माणसाचे निधन झाले की तोच टपाल तिकिटाएवढा फोटो मोठा करून हार घालून लावला जातो.

याच्या उलट एक फोटो आठवा. फेब्रुवारी १९३४, दादरच्या हिंदू कॉलनीतले राजगृह. बाबासाहेब खुर्चीवर आहेत. सोबत माता रमाई, चिरंजीव यशवंतराव, थोरले बंधू आनंदराव यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव आहेत. पायाशी कुत्रा आहे, त्याचे नाव टॉबी. नव्वद वर्षे होऊन गेली तरी आपल्याला त्या फोटोतल्या प्रत्येकाचे नाव, नाते, महिना आणि घर ठाऊक आहे, इतकेच काय कुत्र्याचेही नाव ठाऊक आहे! कारण कुणीतरी ते लिहून ठेवले. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. तो फोटो त्या वेळी निघाला नसता तर? सगळे कुटुंब एकत्र बसलेले आपण कुठे पाहिले असते?

आणखी एक फोटो आपल्या शिरूर-हवेलीच्या शिवेवरचा आहे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब भीमेकाठच्या कोरेगावला जयस्तंभापाशी आले होते. सोबतच्या मंडळींबरोबरचा तो फोटो आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यात बाबासाहेबांना आपण लगेच ओळखतो. पण बाजूला उभ्या असलेल्या माणसांची नावे विचारली तर आपल्यापैकी कितीजणांना सांगता येतील? ती माणसेही कुणाचे तरी आजोबा-पणजोबा होती. त्या दिवशी तिथे जाऊन उभे राहणे ही काही साधी गोष्ट नव्हती.

दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले की एक धडा मिळतो. फोटो काढणे हे अर्धे काम. नाव, नाते, गाव आणि तारीख लिहिणे हे उरलेले अर्धे.

पांढरी साडी आणि काळवंडलेला चेहरा

घरच्या माणसांचे फोटो काढताना एक अडचण नेहमी येते. बुद्ध पौर्णिमेला किंवा १४ एप्रिलला सगळेजण पांढऱ्या वस्त्रांत असतात. फोटो काढला की कपडे नीट दिसतात आणि चेहरे काळवंडतात. मग कुणीतरी म्हणते, "आमचे फोटो चांगलेच येत नाहीत." दोष चेहऱ्याचा नाही, मोजमापाचा आहे. कॅमेरा समोरचा सगळा उजेड मोजतो आणि सरासरी काढून चित्र मध्यम राखाडी रंगाच्या आसपास आणू पाहतो. पांढऱ्या कपड्यांचा पसारा मोठा असला की त्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो सगळेच चित्र गडद करतो. त्यात सावळा चेहरा अधिक गडद होतो.

उपाय सोपा आहे. मोबाईलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा. सूर्याचे छोटे चिन्ह येते, ते थोडे वर सरकवा. साध्या कॅमेऱ्यात उजेडाचे बटण अधिक एकवर न्या. माणसाला भर उन्हात उभे करू नका, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. घरात एकच दार असेल तर फार चांगले! दाराच्या आत एक पाऊल माणसाला बसवा, तोंड दाराकडे करा, ट्यूबलाइट बंद करा आणि तुम्ही दाराच्या कडेला उभे राहून फोटो घ्या. पत्र्याच्या खोलीतही मोठ्या स्टुडिओसारखा उजेड मिळतो.

हा रंगाचा प्रश्न जगभर झाला आहे. कोडॅक कंपनी १९५०च्या दशकापासून रंगीत छपाईचा तोल जमवण्यासाठी प्रयोगशाळांना एक नमुन्याचे कार्ड पाठवत असे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे आणि त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा रंग बरोबर आला की छपाई बरोबर! काळ्या माणसांचे चेहरे त्यात धड उमटत नसत. पण कंपनीने गडद रंगांकडे लक्ष दिले ते चॉकलेटच्या आणि लाकडी सामानाच्या जाहिराती करणाऱ्यांनी तक्रारी केल्यावर. माणसांच्या चेहऱ्याआधी चॉकलेटची दाद लागली! आपल्याकडेही फोटो "जरा उजळ करून" देण्याची पद्धत जुनीच आहे, आणि आता मोबाईल न विचारताच चेहरा गोरा नि गुळगुळीत करतो. ती सोय बंद करून ठेवावी. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या तिने कमावलेल्या आहेत. गोंदण, हातावरचे घट्टे, मूळचा सावळा रंग हे सारे जसे आहे तसे फोटोत यावे. नातवंडांना आजी हवी आहे, बाहुली नको.

हातातले काम

दौंड हे रेल्वेचे गाव. मुंबई-सोलापूर मार्गावरचे हे जंक्शन, इथूनच मनमाडकडे आणि बारामतीकडे फाटे जातात. वर्षानुवर्षे पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन इथे काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. आता कॉर्ड लाइन झाल्यापासून बऱ्याच गाड्या दिशा न बदलता बाहेरूनच जातात. ती लगबग आठवणारे लोक आहेत, पण फोटो कितीजणांकडे आहेत?

रेल्वेत गँगमन, खलाशी, पॉइंट्समन म्हणून आपल्या समाजाच्या दोन-तीन पिढ्या राबल्या. त्यांच्या घरी एक फोटो हमखास असतो, तो निवृत्तीचा. गळ्यात हार, हातात नारळ, बाजूला साहेब. हा फोटो मानाचाच आहे. पण तीस-पस्तीस वर्षे ज्या हातांनी हातोडा आणि पहार धरली ते हात कामात असतानाचा फोटो नाही. शेतात खुरपणारी आई, शाळेत खिचडी शिजवणारी मावशी, गुऱ्हाळावर उकळत्या काहिलीपाशी उभा असलेला भाऊ, दवाखान्यात पाळी करणारी बहीण, यांचे फोटो लग्नातले असतात, कामातले नसतात. जणू काम ही लपवायची गोष्ट आहे!

छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षे काढले. गटारात उतरलेला माणूस, कचऱ्याच्या ढिगावरची बाई, आणि तीच माणसे आपल्या खोलीत मुलाबाळांसोबत. शहराने ज्यांच्याकडे पाहायचे टाळले त्यांच्याकडे पाहायला त्या फोटोंनी भाग पाडले. ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. ते पेशाने वृत्तछायाचित्रकार. आपण हौशी. पण आपल्याला एक सोय आहे जी कोणत्याही पेशेवाल्याला नाही. आपल्या आईच्या चुलीपर्यंत, वडिलांच्या हत्यारांच्या पेटीपर्यंत आपण केव्हाही जाऊ शकतो.

मात्र रेल्वेचे फोटो काढताना रुळांवर उतरू नका. परवानगीवाचून रुळांवर जाणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि जिवाचे मोल त्याहून मोठे आहे. पुलावरून, फाटकाबाहेरून, खिडकीतून पुष्कळ काही दिसते.

आधी विचारा

दौंड तालुक्यात हिवाळ्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. पहाटे कोप्यांतून निघणारा धूर, बैलगाड्यांची रांग, मोळ्या वाहणाऱ्या बाया, हे सगळे फोटोत छान दिसते. पण ती माणसे देखावा नाहीत. लांबून चोरून फोटो काढू नये. जवळ जावे, नाव-गाव विचारावे, "मावशी, एक फोटो काढू का?" असे म्हणावे. नाही म्हणाल्या तर कॅमेरा खाली. हो म्हणाल्या तर फोटो दाखवावा, आणि जमल्यास पुढच्या फेरीला छापून हातात द्यावा.

हे इतके आग्रहाने सांगण्याचे कारण आहे. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. त्यात हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे फोटो छापले आणि अमकी जात अशी, तमकी जमात तशी, असे शेरे मारले. फोटोतल्या माणसाला कुणी विचारले नव्हते. त्याच्यावर एक शिक्का मारायचा एवढाच हेतू होता. आपल्याकडे दुसऱ्याने कोणत्या नजरेने पाहिले हे आपण पिढ्यान् पिढ्या सोसले आहे. आता कॅमेरा आपल्या हाती आल्यावर आपण दुसऱ्याकडे त्याच नजरेने पाहू नये.

फोटो टिकवा

शेवटी कामाच्या चार गोष्टी सांगतो.

एक, मोबाईल हरवतो, फुटतो, पाण्यात पडतो. महत्त्वाचे फोटो दुसऱ्या एका ठिकाणी, पेनड्राइव्हवर किंवा नातेवाइकाच्या संगणकावर ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकुंचन पावतो. मूळ प्रत हवी असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

दोन, वर्षाकाठी पंचवीस फोटो निवडून कागदावर छापून घ्या. हजारो फोटो मोबाईलमध्ये असणे म्हणजे काहीच जवळ नसण्यासारखे आहे.

तीन, घरातले जुने फोटो आजच उतरवून घ्या. १९७०-८०च्या दशकातले रंगीत फोटो विटून तांबूस होत चालले आहेत. ओलीने काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, तो फाटेल. काचेवरूनच, दारातल्या सावलीत, मोबाईल फोटोला समांतर धरून, फ्लॅश बंद करून आधी एक प्रत घ्या.

चार, हे सर्वांत महत्त्वाचे. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून प्रत्येक फोटोतली नावे विचारा आणि लिहा. जुन्या कागदी फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनने लिहिले तर पुढच्या बाजूला वळ उठतात. गुळगुळीत फोटोवर पेन्सिल उमटत नाही, त्यासाठी लिफाफ्यावर लिहा. कोण, कुणाचे कोण, कुठे, कधी, एवढ्या चार गोष्टी पुरेत.

तरुण-तरुणींनो, या हिवाळ्यात भिगवणला जरूर जा, रोहित पक्ष्यांचे फोटो काढा. परतताना एखाद्या धरणग्रस्त आजोबांच्या घरी थांबा. बुडालेल्या वस्तीत त्यांचे घर कुठे होते ते त्यांना सांगू द्या, आणि दारातल्या उजेडात त्यांचा एक फोटो घ्या. पाखरे पुढल्या साली पुन्हा येतील. आजोबांचे तसे नाही.